शेंद्रावाल्या मावशी

शेंद्रावाल्या मावशींना मी बसलेलं कधी पाहिलं नाही. सोफ्यावर नाही, पायरीवर नाही, लग्नाच्या मांडवातसुद्धा नाही; रिक्षा-बसमध्ये काय तेवढं. दिवसातून पाच-सहा वेळा तरी त्या आमच्या दारात यायच्या. एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर ठेवून बोलायच्या आणि बोलणं अर्ध्यावर असतानाच निघायच्या. "बसा ना मावशी" म्हटलं की उत्तर ठरलेलं. "बूड टेकवून कुनाचं भलं झालंय?" चहासुद्धा उभ्यानं, बशीत ओतून, दोन घोटांत. सुरुवातीला मला वाटायचं, या बाईला माझं घर आवडत नसावं. पुढं कळलं की त्यांना स्वतःचंही आवडत नव्हतं.

चिकलठाण्याला जालना रोडपासून आत एक चार मजली इमारत आहे. तिच्या दुसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर. मावशी त्यांच्या थोरल्या मुलाकडं, बाळासाहेबांकडं राहायच्या. त्यांचं सगळं रान शेंद्र्याला. ते कारखान्यांच्या वसाहतीत गेलं, मुलांनी शहरात फ्लॅट घेतला आणि मावशींना कुंकवाच्या करंड्यासकट उचलून दुसऱ्या मजल्यावर आणून ठेवलं. तेव्हापासून सगळी इमारत त्यांना शेंद्रावाल्या म्हणायची. मी आले गुहागरजवळच्या एका गावातून, नवऱ्याची त्याच शेंद्र्यातल्या एका कारखान्यात बदली झाली म्हणून. पहिल्याच आठवड्यात मी कोकणवाली झाले. मावशी तरी मला नावानं हाक मारतील असं वाटत होतं, पण मावशीच सगळ्यात मोठ्यानं "ए कोकणवाली" म्हणून जिन्यातून ओरडायच्या.

मला इथं राहायचंच नव्हतं, हे आधी सांगून टाकते. समीरला, म्हणजे नवऱ्याला, मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की दर एप्रिलमध्ये कोकणातल्या कारखान्यात बदलीसाठी अर्ज करायचा, एकही वर्ष चुकवायचं नाही. गावातली शाळेची नोकरी सोडून आले होते, त्याचा राग होताच. इथला कोरडा वारा, काळी माती, नारळाचं एक झाड दिसेल तर शपथ. सामानातली निम्मी खोकी मी सोडलीच नाहीत. सुतळीनं बांधलेली ती बाहेरच्या खोलीत भिंतीला लावून ठेवली. पुन्हा बांधायचा त्रास कशाला, असा माझा हिशेब. मावशी येता-जाता त्यांच्याकडं बघायच्या आणि म्हणायच्या, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर."

त्या खोक्यांचं काय झालं ते सांगायला हवं, कारण खरी ओळख तिथून झाली. आमच्याकडं अंगणात विहीर. सकाळी उठलं की हंडे-कळशांतलं शिळं पाणी ओतून द्यायचं, भांडी घासायची आणि ताजं भरायचं. आईनं केलं, तिच्या सासूनं केलं, मीही केलं. इथं आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरातला मोठा ड्रम तिरका केला आणि सगळं पाणी मोरीत सोडलं. बाल्कनीसुद्धा स्वच्छ धुऊन घेतली. मग नळ सोडला तर नळ नुसता खाकरला. पाणी आठवड्यातून एकदा येतं, कधी त्याहूनही उशिरा, आणि ते आदल्याच दिवशी येऊन गेलंय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर समीरला माहीत होतं, पण नवऱ्यांना माहीत असलेल्या गोष्टी घरात कळायला वेळ लागतो.

बाल्कनीतून खाली धार पडताना मावशींनी फाटकापाशी उभ्या असताना पाहिली होती. त्या जिना चढून आल्या आणि दारातच कपाळाला हात लावला. "अगं माय! येडी का खुळी तू? भरलेला ड्रम ओतून दिला?"

"शिळं होतं," मी म्हटलं.

"शिळं? पानी कधी शिळं होतं का बाई? भाकर शिळी होती. पानी म्हंजे जिंदगी हाय इथं." मग आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, "तुमच्याकडं लई पानी असंल, नाय का?" मी मान हलवली आणि मला रडूच आलं. पाण्यासाठी नव्हे, विहिरीसाठी.

मावशींनी रडण्याकडं दुर्लक्ष केलं. त्यांच्या घरून सहा दिवस आम्हाला बादल्या येत राहिल्या, मोजून. सातव्या दिवशी पहाटे त्यांनी दार बडवलं. "पानी आलं, उठ!" माझ्याकडं एक ड्रम आणि तीन बादल्या एवढंच. मावशींनी खोल्यांतून एक फेरी मारली, खोक्यांपाशी थांबल्या, माझ्याच विळीनं सटासट सुतळ्या कापल्या. माझ्या लग्नातलं तांब्याचं घंगाळ, आईनं दिलेली पितळेची पातेली, डबे, कळशी, अगदी मोदकपात्रसुद्धा बाहेर काढून त्यांनी नळाखाली लावलं. मी मध्ये पडून दोन खोकी तेवढी वरच्या फळीवर पळवली, तर म्हणाल्या, "भांडी भरायला असतेत, बांधून ठेवायला नाय." तासाभरात माझ्या घरभर पाणी उभं राहिलं. जिथं पाय ठेवावा तिथं कळशी. त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि मोदकपात्रातल्या पाण्यानं मी दोन दिवस भांडी घासली.

त्यांचं माझ्यावर लक्ष असायचं पण माया करण्याची त्यांची पद्धत म्हणजे टोचून बोलणं. माझी मुलगी इरा तेव्हा चार वर्षांची. सहा महिन्यांत ती "लई भूक लागली" म्हणायला लागली. मी तिला "खूप, खूप म्हण" असं दटावत होते, तेव्हा मावशी दारात उभ्या. म्हणाल्या, "लेकराची जीभ हाय. जिथलं पानी पिती तिथलंच बोलनार. तिला कळलं, तुला कामून कळंना?" मी दार जरा जोरातच लावलं. दहा मिनिटांनी बाहेरून हाक आली, "कोकणवाली, ठेचा ठेवलाय दारात. मांजर खाईल." मांजर ठेचा खात नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

दुसऱ्यांना असं शहाणपण शिकवणाऱ्या मावशींचा स्वतःचा पाय मात्र ठरत नव्हता. रोज सकाळी दहाला त्या खाली उतरायच्या, कोपऱ्यावरून शेअर रिक्षा पकडायच्या आणि शेंद्र्याला जायच्या. गावात त्यांचं एक दोन खणांचं जुनं घर तेवढं उरलं होतं. ते उघडायचं, झाडायचं, अंगणात सडा टाकायचा, देवापुढं दिवा लावायचा, कुलूप घालायचं आणि दुपारी परत यायचं. रिकामं घर कुणासाठी झाडायचं, असं सुनेनं विचारलं तर म्हणायच्या, "घराला वाटू नये, की आपल्याला सोडलं." रिक्षावाले त्यांना ओळखून होते. "अम्मा, आज फिर?" असं एकानं माझ्यासमोर विचारलं. मावशी म्हणाल्या, "फिर काय फिर? रोजच. तुम रोज नमाज पढते ना? तसंच हाय हे." रिक्षावाला हसला आणि त्यांच्यासाठी कडेची जागा रिकामी केली.

एकदा मी त्यांच्याबरोबर गेले. ऑक्टोबरचे दिवस होते. घर झाडून झाल्यावर त्या मला रानाकडं घेऊन गेल्या. रान कसलं, एका कारखान्याची लांबच लांब भिंत. भिंतीपलीकडं बोट दाखवून म्हणाल्या, "ती निळी टाकी दिसती का? तिथं आमची इहीर. त्या गाड्या उभ्या हायेत तिथं मूग. आन् हितं, तू उभी हाय हितं, माझ्या सासूनं मला पहिल्यांदा शिव्या दिल्या." भिंतीच्या अलीकडं बांधावरची सीताफळं मात्र तशीच राहिली होती. मावशी हक्कानं तोडायला लागल्या. गेटवरचा पहारेकरी आला, त्यांना पाहून नमस्कार केला आणि आतून प्लॅस्टिकची खुर्ची आणली. अर्थात ती रिकामीच राहिली. तो तिकडं दूर उत्तरेकडच्या छपरा गावचा होता. मावशींनी त्याला विचारलं, "तेरा गाव कितना लांब?" तो म्हणाला, "दो दिन की गाडी है अम्मा." मावशींनी त्याच्या पदरात, म्हणजे टोपीत, चार सीताफळं टाकली आणि परत येताना मला म्हणाल्या, "दोन दिवसांच्या लांबून आलेला मानूस हसायलाय. आन् आपल्या दोघींची तोंडं बघ."

रिक्षात मी त्यांना विचारलं, तुम्हाला शेंद्रा गाव पहिल्यापासून एवढं आवडायचं का? त्या खो खो हसल्या. त्यांचं माहेर वैजापूरकडचं. लग्न होऊन आल्या तेव्हा तीन दिवस जेवल्या नव्हत्या. शेंद्र्याचं पाणी खारट लागायचं, माणसं मोठ्यानं बोलायची, वैजापूर जगाच्या दुसऱ्या टोकाला गेल्यासारखं वाटायचं. "मंग कधी आवडायला लागलं?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं, माझ्या ते लक्षातही आलं नाही. मावशींनी पदर सावरला. "ते काय कळतंय व्हय? एकदा माहेरी गेले आन् म्हशीची काळजी वाटायला लागली. बास. म्हशीनं केलं सगळं." इथं फ्लॅटमध्ये म्हैस नव्हती.

सहाव्या वर्षी मुलांनी ते जुनं घर पाडलं. त्या जागी कारखान्यातल्या कामगारांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. मुलांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, रिकामं घर किती दिवस ठेवणार? पण मावशींचं दहाचं घड्याळच मोडलं. सकाळी दहाला त्या तयार होऊन खाली उतरायच्या, कोपऱ्यापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. मग गच्चीवर. मग पुन्हा खाली. फाटक पुसायच्या, जिना झाडायच्या, दुसऱ्यांच्या चपला सरळ करायच्या. सून वैतागली, बाळासाहेब डॉक्टरकडं घेऊन गेले, डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. ती मावशींनी तुळशीत पुरली. मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर चीडही येत होती, कारण माझीच तगमग कुणीतरी माझ्या दारासमोर येरझारा घालून दाखवत होतं. मे महिन्यात मी माहेरी निघाले तेव्हा तोंडातून निघून गेलं, "मावशी, चला माझ्याबरोबर. आठ दिवस. समुद्र दाखवते."

त्या लगेच हो म्हणाल्या. वैजापूर ते शेंद्रा यापलीकडं त्या फारशा कुठं गेल्या नव्हत्या. दोन बस बदलून आम्ही पोचलो. मावशींच्या पिशवीत दोन लुगडी आणि पाच किलो ज्वारीचं पीठ. "तुमच्याकडं नुसता भात. पोटाला आधार नाय." माझ्या आईनं ते ऐकलं आणि ओठ घट्ट मिटले. तरी दोघींचं जमलं. आई बसून नारळ खवायची, मावशी उभ्यानं भाकरी थापायच्या. संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. समुद्र बघितला की माणसं गप्प होतात. मावशी झाल्या नाहीत. "येवढं पानी आन् एक घोट प्यायचा नाय? मंग केलं कशाला देवानं?" लाटेत पाय भिजवून, ओला हात कपाळाला लावून त्या परत आल्या आणि म्हणाल्या, "झालं बघून."

आणि मी? ज्या घरासाठी सहा वर्षं कुढत होते त्या घरात मला घाम सोसेना. भावजयीनं माझ्या कपाटात तिच्या साड्या लावल्या होत्या, ते रास्तच होतं. आईनं मला पाहुण्यांच्या खोलीत नवी चादर घातली. विहिरीवर मी सकाळी ताजं पाणी काढलं, पण दुपारी बादली अर्धी भरून बाजूला ठेवावी असं वाटत राहिलं. इरा तर पहिल्याच दिवशी म्हणाली, "इथं लई ओलं ओलं हाय." दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण आपलेच डोंगर दूर गेल्यावर काय म्हणायचं ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मावशी अंगणात उभ्या. हातात पिशवी, डोक्यावर पदर. "चल. मला करमंना. घरी जाऊ."

मी वैतागले. "मावशी, आठ दिवस म्हणून आलोय आपण. वर्षातून एकदा येते मी आईकडं."

"तू ऱ्हा ना. मला बसमधी बसवून दे. मी जाते घरी."

"कुठल्या घरी?" मी तडकून म्हटलं. "शेंद्र्याचं तर पाडलं ना तुमच्या मुलांनी!" शब्द तोंडातून गेले आणि मला माझी शरम वाटली.

मावशी माझ्याकडं असं बघायला लागल्या की जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं बोलले. "शेंद्र्याचं कोन म्हनतंय? तुझ्या दारासमोरचं." मग जरा थांबून म्हणाल्या, "उद्या पान्याचा दिवस. सुनंच्या ध्यानात ऱ्हानार नाय."

मी आत गेले आणि माझी बॅग भरायला घेतली. आई दारात येऊन उभी राहिली. "तू पण?"

"त्या एकट्या कशा जातील एवढ्या लांब?" मी तिच्याकडं न बघता म्हटलं.

माझं खोटं तिला लहानपणापासून ओळखता येतं. "हो," ती म्हणाली, "त्या एकट्या कशा जातील." मग तिनं आमसुलांचा डबा आणून बॅगेत कपड्यांच्या मध्ये ठेवला, चार दिवसांचे कपडे पुन्हा नीट घडी घालून दिले. तिच्या त्या घडी घालण्याची आठवण मला अजून त्रास देते. घर सापडतं तेव्हा दुसऱ्या कुणाचं तरी घर थोडं रिकामं होतं, हे मला त्या सकाळी कळलं आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं.

पुढच्या एप्रिलमध्ये समीर अर्जाचा कागद घेऊन आला. मी म्हटलं, राहू दे या वर्षी. तो मला ताप आहे का ते बघायला लागला. मावशींना सांगितलं तर त्यांना काही विशेष वाटलं नाही. "मंग वरच्या फळीवरची ती शेवटची दोन खोकी बी सोड," एवढं म्हणून त्या गच्चीवर गेल्या. शेंद्र्याचं नाव मात्र त्यांनी टाकलं नाही. रिक्षावाला दिसला की अजून हाक मारायच्या आणि बसायच्या नाहीत. जीव रमला म्हणून पायातली भिंगरी थांबते असं काही नसतं.

आणि मग त्यांना पुण्याला जावं लागलं. धाकट्या मुलाला, संतोषला, बाळ झालं, सून नोकरी करणारी, लेकराकडं बघायला कुणी नाही. अकराव्या मजल्यावर घर. जायच्या दिवशी मी खाली उतरले तेव्हा मावशी गाडीत बसायच्या ऐवजी ड्रायव्हरला रस्ता समजावून सांगत होत्या, जो त्यांना माहीत नव्हता. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "रडू नको. पुनं काय छपरा हाय का?" मी रडत नव्हते. त्या मात्र गाडीची काच वर होईपर्यंत ड्रायव्हरकडं तोंड करून बोलत राहिल्या, म्हणजे मला त्यांचा चेहरा बघता येऊ नये.

पुण्याहून त्यांचा रोज चारला फोन यायचा. लिफ्टची भीती वाटते, समोरच्या दारातली बाई हसत नाही, नळाला चोवीस तास पाणी असतं म्हणून कुणाला कुणाची गरज नाही. मी त्यांचंच शहाणपण त्यांना ऐकवत असे. लागेल जीव, नव्यानं सगळ्यांनाच असं होतं. एकदा त्या मध्येच म्हणाल्या, "तुला किती वर्सं लागली गं तिथं?"

"सहा," मी म्हटलं.

पलीकडून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. मावशी त्याला थोपटत होत्या, थोपटणं ऐकू येत होतं. "मंग जमत नाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "येवढा टाइम नाय माझ्यापाशी."

मी म्हटलं, या ना मग इकडं. त्या म्हणाल्या, येते, लेकरू चालायला लागलं की येते.

लेकरू चालायला लागायच्या आधीच त्या गेल्या. मागच्या वर्षी, फेब्रुवारीत. सकाळी सातला संतोषचा फोन आला, दवाखान्यातून. रडत होता. "काकू, दादा म्हनतोय थेट शेंद्र्याला न्यायचं. भावकी तिथंच जमायलीय. पण आई म्हन्ली होती, काय अडलं तर कोकणवालीला विचार. काय करू?" मी एवढंच म्हटलं. आधी इथं आणा.

बाळासाहेबांनाही मी त्यांच्या दारात जाऊन तेच सांगितलं. ते जिन्याच्या पायरीवरच बसले. एकच्या सुमाराला रुग्णवाहिका फाटकातून आत आली. जिना अरुंद, मावशींना वर नेता येईना. मग इमारतच खाली उतरली. चौथ्या मजल्यावरच्या गुडघे दुखणाऱ्या आजोबांपासून सगळे. सुनेनं वरून त्यांचं हिरवं लुगडं आणलं. मी त्यांचे पाय धुतले, ते पहिल्यांदाच स्थिर होते आणि मला ते अजिबात आवडलं नाही. कुणी घाई केली नाही.

शेंद्र्याहून बाळासाहेबांना दोनदा फोन आला. भावकी खोळंबली होती, उन्हं कलली होती, लाकडं रचून झाली होती. त्यांनी दोन्ही वेळा फोन माझ्या हातात दिला. मी दोन्ही वेळा तेच सांगितलं. थांबा जरा, मावशी अजून घरी हायेत.